गोळी पहाटे, भाकर अकराला

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी आहोत. माझे पती 52 वर्षांचे असून त्यांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी ते पहाटे नुसत्या चहावर घेतात आणि वावरात जातात. मी शिदोरी घेऊन पोहोचेपर्यंत अकरा वाजतात. दसऱ्यानंतर कापूस वेचताना ते घामाघूम होऊन धुऱ्यावर बसले, त्यांना बोलणे सुचेना. ऊन लागले, असे सगळे म्हणाले. घरी मी त्यांच्या ताटावर लक्ष ठेवते, त्यांचा स्वयंपाक वेगळा करते. तरी ते टपरीवर गोड चहा घेतात आणि विचारले की चिडतात. वर्षभरापासून ते सपरीत एकटेच झोपतात. आता उपकेंद्रात माझीही उपाशीपोटीची साखर 148 निघाली. दोघांचे कसे निभवावे?
— एक भगिनी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, टपरीवरच्या चहाकडे नंतर वळू; आधी धुऱ्यावरचा तो प्रसंग. ग्लिमेपिराइड ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. त्यामुळे ती चहावर घेऊन चार-पाच तास वेचणी करणाऱ्या माणसाची साखर 70 च्या खाली उतरू शकते, आणि मग घाम, थरथर, धडधड व शेवटी बोलण्यातला गोंधळ सुरू होतो. उन्हानेही असेच होते, म्हणून त्या क्षणी ऊन की साखर हा वाद घालू नये. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी आणि सावरल्यावर भाकर खाऊ घालावी. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता 108 ला फोन करावा. साखरेची एक पुडी त्यांच्या खिशात कायम असू द्या. मधुमेह्याच्या खिशात साखर पाहून गावात कोणी हसले तरी चालेल.

ही गोळी दिवसाच्या पहिल्या जेवणासोबत घ्यायची असते. निघण्यापूर्वी भाकर आणि वरण पोटात जात असेल तर प्रश्न मिटला. जात नसेल, तर ती शिदोरीसोबत घ्यावी का, हे धुऱ्यावरचा प्रसंग सांगून त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. मात्रा आपल्या मनाने कमी करू नका, गोळी बंदही करू नका.

माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांत पथ्याची सगळी उत्तरे बहुधा बायको देते आणि नवरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसतो. ज्याचा घास मोजला जातो तो माणूस लपून खाऊ लागतो, आणि लपून खाल्लेले डॉक्टरांच्या कानावर कधीच येत नाही. वेगळा स्वयंपाक बंद करून घरात सर्वांसाठी एकच ताट करा : अर्धे ताट अंबाडी, मेथी, वांगे अशा भाज्यांचे, सोबत घट्ट वरण किंवा उसळ, आणि भाकर मोजकी. ज्वारीची भाकर कितीही चालते, हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे, आणि गुळाचा चहाही साखर वाढवतोच. टपरीवर बिनसाखरेचा चहा मागायला त्यांना तुम्ही नव्हे, त्यांच्या मित्राने सांगितले तर अधिक लागू पडेल, असा माझा अनुभव आहे.

तुमचा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. उपाशीपोटीची साखर 126 किंवा अधिक दोनदा आली, तर मधुमेहाचे निदान होते. मात्र बोटाच्या थेंबाची तपासणी प्राथमिक चाळणीपुरतीच असते, तेव्हा शिरेतील रक्त आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्या. हा आजार नवऱ्याकडून लागत नाही. एकाच चुलीवरचे, एकाच सवयींचे जेवण मात्र दोघांच्याही पोटात जाते.

सपरीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली, तरी ती मला महत्त्वाची वाटते. साखर वाढलेली असेल तर रात्री वारंवार लघवीला उठावे लागते आणि बायकोची झोप मोडू नये म्हणूनही पुरुष बाहेर झोपतात. दुसरे कारण असे, की बरीच वर्षे चढलेल्या साखरेने नसा आणि रक्तवाहिन्या दुखावतात व पुरुषाला शरीरसंबंधात अडचण येते. ती तो बोलत नाही, आणि बायकोला वाटते की मन उडाले. यावर उपचार आहेत, पण आठवडी बाजारातील चूर्ण घेऊ नये. त्यात काय मिसळले आहे ते कळत नाही, आणि हृदयरोगाच्या गोळ्या चालू असतील तर ते जिवावर बेतू शकते. पुढच्या तपासणीला दोघेही जा, आणि तुमचे बोलून झाले की पतींना डॉक्टरांसोबत दहा मिनिटे एकटे बसू द्या.