पुण्याहून बदली होऊन फलटणला येतोय, कुटुंबासह. शहर राहायला कसं आहे?

तुम्ही विचारलंय की फलटण अजून गावच आहे की शहर झालंय, मुलांच्या शाळेचं काय, आणि घर कुठे बघावं. मी इथलाच, घरची शेती राजाळ्याच्या बाजूला. म्हणून आधी पाण्याचं सांगतो, कारण इथलं बाकी सगळं त्यावरच चालतं.

सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं. फलटण त्याच जिल्ह्यात, पण दुष्काळी पट्ट्यात. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर. हे चित्र नीरा उजव्या कालव्याने बदललं. भाटघरचं मोठं धरण १९२८ च्या सुमारास पूर्ण झालं आणि कालव्याखालच्या गावांत ऊस उभा राहिला. साखरवाडीचा कारखाना १९३० च्या दशकातला. आज तालुक्यात चार कारखाने आहेत. हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्ता अडवतात, तोडणीच्या टोळ्यांच्या खोपी पडतात. उसाचं बिल खात्यावर आलं की सराफापासून मोटारसायकलच्या शोरूमपर्यंत गर्दी होते, आणि कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, लांबली की तीच बाजारपेठ थंड पडते. नोकरदार माणसालाही हे महिन्याभरात जाणवायला लागतं.

दक्षिणेकडे, ताथवडा-दुधेबावीच्या डोंगराकडेला, चित्र वेगळं. तिथे पिढ्यान् पिढ्या ज्वारी, बाजरी आणि मेंढरं. धोम-बलकवडी धरणाचं पाणी कालव्याने आल्यावर त्या भागात थोडा जीव आला. तालुका बघायला निघालात तर कालव्याच्या दोन्ही बाजू बघा. एकच बाजू बघून फलटण श्रीमंत आहे असं समजू नका.

मेंढरांवरून आठवलं. लोणंद रस्त्यावर तांबमाळ इथे निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, १९६८ ची. बी. व्ही. निंबकरांनी ती काढली. करडई आणि गोड ज्वारीवर त्यांचं काम आहेच, पण मला सर्वात मोलाचं वाटतं ते ‘नारी सुवर्णा’ मेंढीचं काम (‘नारी’ हे संस्थेच्याच इंग्रजी नावाचं लघुरूप). बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ मेंढीला जुळी होण्याचा गुण असतो. तो दख्खनी मेंढीत संकरातून आणला, तेव्हा एकाच वितात दोन कोकरं मिळू लागली. डोंगराकडेच्या धनगराला याचा अर्थ काय होतो, ते त्याच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, जाऊन बघण्यासारखं आहे. लहान शहरात असं काम उभं राहतं याचा मला फार अभिमान आहे.

शाळेचं म्हणाल तर मुधोजी हायस्कूल जुनं, निम्मं गाव तिथे शिकलेलं. आणि कमला निंबकर बालभवन आवर्जून बघा. अमेरिकेतून येऊन इथेच स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी ते १९८६ मध्ये सुरू केलं. मराठी माध्यम आहे, मुलांना वाचतं-लिहितं करण्यावर तिथे मनापासून मेहनत घेतात. इंग्रजी माध्यमाच्या शाळाही भरपूर आहेत, तरी माझं मत बालभवनाकडेच झुकतं.

जुनं गाव म्हणजे नाईक निंबाळकरांची राजधानी. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई याच घराण्यातल्या. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, पण राजवाडा आणि श्रीराम मंदिर हा गावाचा मध्य अजून तसाच आहे. महानुभाव पंथीयांचंही हे मोठं तीर्थ. पंथाच्या पंचकृष्णांपैकी एक, चक्रपाणी प्रभू, इथले, त्यामुळे विदर्भापासून पंजाबपर्यंतचे भाविक येतात. ज्ञानोबांची पालखी विमानतळाच्या मैदानावर मुक्कामाला असते. त्या दिवशी घरी पाहुणे आणि वारकरी धरून चालाच, आणि गाडी बाहेर काढू नका.

आता वाढीबद्दल. २०११ च्या जनगणनेत नगरपालिका हद्दीत सुमारे बावन्न हजार लोक होते, दहा वर्षांत फारशी भर नव्हती. यावरून गाव थांबलंय असं वाटेल, पण ते वाढतंय हद्दीबाहेर. कोळकी, जाधववाडी कागदोपत्री ग्रामपंचायती, प्रत्यक्षात अपार्टमेंट, दवाखाने, क्लासेस सगळं तिकडे. सुरवडीला कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीचा मोठा प्रकल्प आल्यावर बाहेरचे इंजिनिअर आले, भाडी वाढली. पण वस्ती जितक्या झपाट्याने झाली तितकी गटारं, रस्ते आणि नळाचं पाणी झालं नाही. ऊस काढून जिथे प्लॉट पडले, तिथे पहिल्या दोन पावसाळ्यांत पाणी साचतंच. काळी जमीन आहे, इमारतीला भेगाही जातात.

म्हणून सुरुवातीला भाड्याने राहा. कोळकीत घर बघताना पिण्याचं पाणी ग्रामपंचायतीचं की टँकरचं, हे घरमालकाला न विचारता शेजारच्या बाईंना विचारा. पुण्याला जायला एसटी चांगली आहे. २०२१ पासून लोणंदमार्गे रेल्वेही आहे, फक्त वेळा आधी बघून ठेवा. आणि दूध डेअरीच्या पिशवीचं न घेता एखाद्या गोठ्यावर रतीब लावा, इथे ते अजून सहज मिळतं.