मोटरवर चालणारी यांत्रिक प्राण्यांची मॉडेल किट स्वतःच्या रंगात रंगवली तर चालायची बंद होतात का? एअरब्रश नसताना सुरुवात कशी करावी?

तुमच्या प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की झॉइड्स या जपानी यांत्रिक प्राण्यांच्या मालिकेतलं एखादं किट घ्यायचं मनात आहे, डब्यावरचे रंग आवडत नाहीत, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं अवजार) नाही, आणि एका मित्राने घाबरवलंय की रंगवलं की पाय अडकतात. मित्राच्या बोलण्यापासूनच सुरू करतो, कारण खरी गोम तिथे आहे.

मित्र खोटं बोलत नाही. चावीच्या किंवा सेलवरच्या झॉइडमध्ये मोटर आणि गिअर एका बंद डबीत कारखान्यातूनच जुळवून येतात. आपण त्या डबीभोवती सांगाडा आणि चिलखत चढवायचं. डबीच्या दोन्ही अंगांना आस बाहेर येतो, त्याच्या टोकाला क्रँक (आसाबरोबर फिरणारी आखूड दांडी), आणि क्रँकची पिन पायातल्या लांबट खाचेत बसते. पिन गोल फिरते, खाच तिला फक्त एकाच दिशेने सरकू देते, त्यामुळे पाय मागेपुढे हलतो. डावी आणि उजवी क्रँक अर्ध्या फेऱ्याच्या फरकाने लावलेली असते, म्हणून एक पाय पुढे तेव्हा दुसरा मागे. बऱ्याच किटमध्ये याच फेऱ्यावरून एक दांडी पुढे जाऊन जबडाही उघडते-मिटते. आता पिन आणि खाच यांच्यात मोकळी जागा असते मिलिमीटरच्या एखाद्या अंशाची. त्यात पिनेवर प्रायमर (रंगाला पकड देणारा खालचा थर), रंग आणि वॉर्निश, खाचेच्या आतही तेच तीन थर, म्हणजे जागा संपलीच. वर घासून सुटलेला रंग ग्रीसमध्ये मिसळतो आणि त्याचा चिकट गाळ होतो. छोट्या मोटरला तेवढं पुरतं.

त्यामुळे माझा नियम साधा आहे: जे एकमेकांवर घासतं ते कोरं राहील. आधी चिलखत न चढवता नुसता सांगाडा जोडायचा, चालवायचा, आणि कुठे काय घासतंय ते पेन्सिलीने खुणा करून ठेवायचं. मग त्या जागा मास्किंग टेपने झाकायच्या. खाचांमध्ये टेपची बारीक गुंडाळी दाबून बसवली की झालं. प्रत्येक पाय रंगवून वाळला की लावून पुन्हा चालवून बघायचा, सगळे रंगवून झाल्यावर नव्हे. सांध्यांवरच्या मऊ रबरी टोप्यांना रंग लावूच नका. त्या वाकतात, रंग वाकत नाही, आणि दोन दिवसांत पापुद्रे निघतात. वंगण हवं असेल तर प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस, तेही काडीच्या टोकाएवढं. घरातलं शिलाई मशीनचं तेल घालू नका, खनिज तेल काही प्लास्टिकना आणि रबराला बाधतं.

इथे एक निवड आधीच करून टाका, पुढचे निम्मे प्रश्न त्याने सुटतात. टोमी या जपानी कंपनीने १९८२ मध्ये ही मालिका आणली ती चालणारं खेळणं म्हणून. मूळ किट १/७२ प्रमाणातली, गोंदाशिवाय खटकन बसणारी. २००६ पासून कोतोबुकिया ही दुसरी जपानी कंपनी त्याच प्राण्यांची ‘एचएमएम’ नावाची किट काढते. त्यात तुकडे शेकड्यांनी, सांधे भरपूर, रेखीवपणा डोळे दिपवणारा, पण मोटर नाही. ते हातानेच उभं करून ठेवायचं. म्हणजे एकात चाल आहे आणि दुसऱ्यात बारकावा. तुम्हाला चाल हवी आहे असं दिसतंय, मग टोमीचंच घ्या. आणि सुरुवातीला सेलवरचा मोठा सिंह-वाघ नको, मोल्गासारखं चावीचं किट बघा. मोल्गा म्हणजे चाकांवर सरपटणारी अळी. पाय नाहीत, त्यामुळे अडकायला फारसं काही नाही, आणि चिलखताचे तुकडे मोठे आणि सपाट असल्यामुळे ब्रशने रंगवायला सोपे. कोतोबुकियाचाही मोल्गा आहे, त्याला चावी नसते; विकत घेताना डबा नीट बघा.

एअरब्रश? नको, निदान आत्ता तरी नको. पाण्यात विरघळणारे अॅक्रिलिक रंग, एक बरा चपटा ब्रश, एक बारीक टोकाचा, एवढ्यात पहिलं किट उत्तम होतं. सारं कसब रंग पातळ करण्यात आहे: दुधाइतका पातळ, आणि पहिल्या हाताला खालचं प्लास्टिक दिसलं तरी जीव कासावीस होऊ द्यायचा नाही. तो वाळू द्या, दुसरा हात, मग तिसरा. एकाच जाड हातात उरकायला गेलात की ब्रशचे ओरखडे कायमचे राहिले म्हणून समजा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रंग बशीतच वाळतो, त्यासाठी चपट्या डब्यात ओला टिश्यू आणि त्यावर बटर पेपर पसरून त्यावर रंग काढा, तासन्‌तास ओला राहतो. पुढे छंद टिकलाच तर ०.३ मिलिमीटर नोझलचा डबल अॅक्शन (एकाच खटक्याने हवा आणि रंग दोन्ही कमीजास्त करता येणारा) एअरब्रश आणि पाणी अडवणारा फिल्टर असलेला छोटा कॉम्प्रेसर घ्या. १५ ते २० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) पुरतो. टायरात हवा भरायच्या पंपावर जुगाड करायचे व्हिडिओ बघून मोहात पडू नका.

रंगाआधीची तयारी कंटाळवाणी असते, पण टळत नाही. सुटे करण्याआधी सगळे रनर (तुकडे ज्यांना जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी) भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या तेलकट द्रव्याचा अंश त्यावर असू शकतो. तुकडा कटरने रनरपासून थोडा लांब कापा, उरलेला खुंट दुसऱ्यांदा कापा, मग वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायच्या बारीक पॉलिश पेपरने) घासा. एकदम टेकवून कापलं की प्लास्टिक ताणलं जातं आणि तिथे पांढरा डाग येतो. आणखी एक युक्ती जुन्या मंडळींकडून उचललेली: खटकन बसणाऱ्या पिनांची टोकं आधी तिरपी कापून घ्या. मग जोडून बघितलेलं किट रंगवण्यासाठी पुन्हा सहज उघडतं. नाहीतर सुरी खुपसून उघडताना कडा गेल्याच. अर्थात ज्या पिनांवर चालताना जोर येतो त्यांना हात लावू नका.

आता एक इशारा, तो मात्र मनावर घ्या. रनरवर बारीक अक्षरांत ‘पीएस’ (पॉलिस्टायरीन) किंवा ‘एबीएस’ असं प्लास्टिकचं नाव ठसवलेलं असतं. सांध्यांचे आणि ताण येणारे तुकडे बहुधा एबीएसचे. फटी उठून दिसाव्यात म्हणून लोक एनॅमलचा पातळ काळा रंग सोडतात. त्यातलं थिनर ताणाखालच्या एबीएसमध्ये शिरलं की दुसऱ्या दिवशी तुकडा हातात दोन होतो. फटींसाठी पाण्याचाच अॅक्रिलिक, त्यात साबणाचा थेंब. तो नीट वाहावा म्हणून आधी चकचकीत वॉर्निशचा हात मारा, मॅट पृष्ठभागावर तो पसरून डाग पाडतो. आणि हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर किटच्या आसपासही ठेवू नका, पॉलिस्टायरीन त्याने सरळ विरघळतं. पायलटच्या जागेवरची पारदर्शक काच बसवताना फेव्हिक्विक नको, त्याच्या वाफेने काच धुरकटते. साधं फेविकॉल पुरतं.

मूळ रंग बदलणं म्हणजे किटचा अपमान, असं म्हणणारे भेटतील. जपानी कथानकात निळा शील्ड लायगर हा सिंह प्रजासत्ताकाच्या फौजेतला आणि लाल सेबर टायगर हा वाघ साम्राज्याच्या, त्यामुळे चाहत्यांना रंग म्हणजे गणवेश वाटतो. वाटू दे. मला ही किट प्राणी म्हणून आवडतात, आणि प्राण्याला रंग त्याच्या रानातून मिळतो.

उदाहरण म्हणून टोमीचा डिबायसन बघा. बायसनच्या बेताचा, छाताड रुंद, पाठीवर १७ तोफा. मी तो गवा करून टाकला. राधानगरी-दाजीपूरला गेला असाल तर मोठा नर डोळ्यांसमोर आणा: अंग जवळजवळ काळं, पण उन्हात त्यात तपकिरी झाक, कपाळाचा उंचवटा राखाडी, शिंगं बुडाशी पिवळट-हिरवट आणि टोकाला काळी, आणि गुडघ्यापासून खाली मळकट पांढरे मोजे. हे सगळं यंत्रावर फार सुंदर बसतं, कारण गव्याचा रंग अंगाच्या भागांप्रमाणे वाटलेला आहे. पट्टे-ठिपके काढायची कटकट नाही, खालच्या पायाचं चिलखत म्हणजे मोजा. अंगाला शुद्ध काळा वापरू नका, त्यात निम्मा गडद तपकिरी मिसळा. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशला किंचित फिकट तपकिरी घेऊन फक्त कडांवरून फिरवा, चिलखताचा प्रत्येक कोपरा सुटून दिसतो. मोज्यांना आधी राखाडी आणि वर हस्तिदंती. काळ्या प्लास्टिकवर थेट पांढरा लावला तर कितीही हात मारा, खालून काळं डोकावतंच. तोफा तेवढ्या पोलादी राहू द्या.

मोज्यांवर चिखल हवाच. तिकडची जांभ्याची माती तांबडी, आणि त्यासाठी परदेशी रंगचूर्ण मागवायची गरज नाही. रांगोळीच्या दुकानात गेरू मिळतो. तो खलात बारीक करून चाळा, कोरड्या ब्रशने खुरांवर आणि मोज्यांच्या खालच्या भागावर थापा, आणि मॅट वॉर्निशने बसवा. सांधे आधी झाका, गेरूचा कण गिअरमध्ये गेला तर कानस फिरल्यासारखं होतं.

लांडगा किंवा वाघ रंगवताना एक वेगळाच पेच येतो. बहुतेक रानटी प्राणी वरून गडद आणि पोटाशी फिके असतात. अॅबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ मध्ये याचं कारण मांडलं: ऊन वरून पडतं, पोट सावलीत असतं, आणि उलटी रंगछटा त्या छायाप्रकाशाला खोडून काढते. प्राणी सपाट दिसतो, नजरेतून निसटतो. मॉडेल रंगवणारे नेमकं उलट करतात, वरचा भाग उजळ आणि खालचा गडद, म्हणजे हातभर खेळण्यातही घडण ठसठशीत दिसते. दोन्ही एकदम करायला गेलात तर ट्यूबलाइटखाली सगळा राखाडी गोळा दिसतो. माझ्या मते मोठ्या चिलखताला वरून उजेड द्यावा आणि फिकं पोट फक्त गळ्याखाली, पायांच्या आतल्या बाजूला सुचवावं. यावर मतभेद असणारे आहेत, त्यांची कामंही देखणी असतात.

खरचटल्याच्या, रंग उडाल्याच्या खुणा करताना गणित करा. १/७२ मध्ये माणूस जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, आणि तुम्ही काढलेला एक मिलिमीटरचा टवका प्रत्यक्षात सात सेंटिमीटरचा होतो. अंगभर तसले टवके म्हणजे तो गवा भंगारात निघालेला दिसणार. स्पंजच्या तुकड्याने टिपके द्या, आणि तेही जिथे खरंच घासेल तिथे: खुरांच्या कडा, शिंगांची टोकं, पायलट चढतो ती जागा.

स्प्रे कॅन वापरणार असाल तर आपला पावसाळा ध्यानात ठेवा. मी डोंबिवलीत राहतो, जून ते सप्टेंबर लॅकर (झटकन उडणाऱ्या द्रावकातला रंग) स्प्रेला हात लावत नाही. द्रावक भर्रकन उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर पांढुरकी साय धरते. ब्रशच्या अॅक्रिलिकला हा त्रास नाही, फक्त वाळायला वेळ लागतो. आणि गॅलरीत फवारताना एन-९५ लावून निश्चिंत होऊ नका, तो कण अडवतो, द्रावकाची वाफ नाही. त्यासाठी कार्बन काडतुसाचा मास्क लागतो.

खरेदीचं सांगायचं तर थोडं महाग प्रकरण आहे. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०, त्यामुळे जपानी दुकानातली किंमत बघून हुरळू नका. घरपोच किती पडेल ते आधी काढा. लॅकर रंग आणि स्प्रे ज्वालाग्राही म्हणून विमानाने सहसा येत नाहीत, ते इथल्याच दुकानांतून घ्या. जुनं किट घेत असाल तर विकणाऱ्याकडून तीन गोष्टी मागा: चालतानाचा व्हिडिओ, सेलच्या कप्प्याचा जवळून काढलेला फोटो, आणि रबरी टोप्यांचा फोटो. कप्प्यातल्या पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर असेल तर सेल फुटून गळलेला आहे. टोप्या कडक किंवा चिरलेल्या असतील तर त्या बदलाव्या लागतील, आणि सुट्या टोप्या शोधणं हे किट शोधण्यापेक्षा अवघड काम आहे.