ती तुमच्याशी काय बोलली?

“मॅडम, ती तुमच्याशी पाऊण तास बोलते आणि घरी आल्यावर माझ्याशी एक अक्षर बोलत नाही. मी तिची आई आहे, मग ती काय बोलली हे मला कळायला नको का?” शाळेत काम करणाऱ्या समुपदेशकाला हा प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. त्यामागे बहुतेक वेळा भीती असते, आणि आपल्या मुलाला आपल्यापेक्षा परक्या माणसाजवळ मोकळे वाटते याचे दुःखही असते. म्हणून केवळ नियमावर बोट ठेवून या प्रश्नाची बोळवण करणे मला योग्य वाटत नाही. एका मुलीच्या निमित्ताने मी त्याचे उत्तर मांडते; तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती 14 वर्षांची होती. पोटदुखीचे कारण सांगून ती वरचेवर घरी जाऊ लागली होती, डॉक्टरांच्या तपासणीत काही आढळले नव्हते, आणि मधल्या सुट्टीत ती एकटीच बसते हे वर्गशिक्षिकेच्या लक्षात आले होते. पालकांची संमती घेऊन पहिल्या भेटीत मी आई, वडील आणि मुलगी यांना एकत्र बसवले व तिघांच्या देखत तिला सांगितले, “तू जे सांगशील ते तुझ्या परवानगीशिवाय मी घरी किंवा शिक्षकांना सांगणार नाही. मात्र तुझ्या जिवाला धोका असेल, कोणी तुला इजा करत असेल किंवा तुझ्याकडून दुसऱ्या कोणाला गंभीर इजा होण्याची शक्यता असेल, तर मला ते सांगावेच लागेल, आणि तसे करण्याआधी मी तुला त्याची कल्पना देईन.” व्यवसायाच्या सुरुवातीला मी मुलांना “हे आपल्या दोघांतच राहील” एवढेच सांगत असे. ते वचन पाळता येण्यासारखे नव्हते, आणि ते मोडावे लागले तेव्हा एका मुलाने माझ्याशी बोलणे कायमचे थांबवले. तेव्हापासून आश्वासन देतानाच त्याच्या मर्यादाही सांगायच्या, हा शिरस्ता मी बदललेला नाही.

पुढच्याच आठवड्यात आईने मला शाळेच्या जिन्यात गाठून वरचा प्रश्न विचारला. मी त्यांना म्हटले, “ती काय बोलली हे मी सांगणार नाही, पण ती नियमित येते आहे, आणि तुम्हाला तातडीने कळायला हवे असे काही समोर आले तर मी त्याच दिवशी तुम्हाला बोलावीन.” त्या नाराज झाल्या, आणि त्यांची नाराजी मला गैर वाटली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतही हे दोन्ही हक्क आहेत: कलम 16 मुलांचे खासगीपण जपते, तर कलम 5 आईवडिलांचा मार्गदर्शनाचा हक्क आणि कर्तव्य मान्य करते, मात्र ते मार्गदर्शन मुलाच्या वाढत्या क्षमतेला धरून असावे, असेही सांगते. माझे बरेचसे काम या दोन कलमांच्या मधल्या जागेत चालते.

गोपनीयता केवळ बोललेल्या शब्दांची नसते. शाळेत ती फार किरकोळ कारणांनी भंगते: भर वर्गात नाव पुकारून समुपदेशकाकडे बोलावले की ते सगळ्या वर्गाला कळते, आणि शिक्षकांच्या खोलीत सहज विचारलेल्या “काय म्हणाली ती?” या प्रश्नाला दिलेले अर्धे उत्तर संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते. म्हणून तिच्या भेटीची वेळ आम्ही ग्रंथालयाच्या तासाला ठेवली. वर्गशिक्षिकेला मी, मुलीला विचारूनच, एवढेच सांगितले की तिने मागितल्यास तिला पाच मिनिटे वर्गाबाहेर जाऊ द्यावे. कारण सांगितले नाही आणि त्यांनीही ते विचारले नाही.

पाचव्या भेटीत ती म्हणाली, “मी नसते तर सगळ्यांचे बरे झाले असते.” अशा वेळी आत्महत्येचा विषय काढला तर तो विचार मुलाच्या मनात पेरला जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. आजवरच्या संशोधनातून ती खरी ठरलेली नाही, आणि माझा अनुभव असा की सरळ विचारल्यावर मुलांना ओझे उतरल्यासारखे वाटते. मी तिला स्पष्ट शब्दांत विचारले. जगणे नको असे विचार काही आठवड्यांपासून येत होते, पण काही करण्याचा बेत तिने आखला नव्हता. मी तिला म्हटले, “हे आज तुझ्या आईबाबांना कळायला हवे.” ती संतापली, रडली, मी विश्वासघात केला असे म्हणाली. मी तो आरोप खोडून काढला नाही. त्यांना कळवायचे की नाही हा पर्याय तिच्यापुढे नव्हता. परंतु कोणी सांगायचे, कोणत्या शब्दांत आणि तिच्या समोर की मागे, हे सारे तिने ठरवायचे होते. बऱ्याच वेळाने तिने पहिले वाक्य स्वतः सांगायचे ठरवले. बाकीचे मी सांगावे, अशी तिची इच्छा होती.

त्याच दिवशी आईवडील आले. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या सुरक्षा-आराखड्याच्या पद्धतीने आम्ही चौघांनी एक कागद तयार केला: मन खचू लागल्याची तिची स्वतःची लक्षणे, त्या वेळी तिला एकटीला करता येण्यासारख्या गोष्टी, मन दुसरीकडे रमवणारी माणसे व जागा, मदत मागता येईल अशी माणसे, व्यावसायिक मदतीचे क्रमांक, आणि घरातील औषधे व धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवणे. मानसोपचारतज्ज्ञांची भेटही त्याच आठवड्यात झाली.

आता तिचे शाळेतून मध्येच घरी जाणे कमी झाले आहे. त्या दिवशी पालकांना सांगायची नव्हती अशी एक गोष्ट, एका मैत्रिणीशी झालेल्या दुराव्याची, तिने मला आधीच सांगितली होती. त्या गोष्टीत धोक्याचे काही नव्हते, म्हणून ती मी अजूनही सांगितलेली नाही. असे काहीतरी आहे हे आईला ठाऊक आहे. मागच्या भेटीनंतर त्या माझ्या दाराशी थांबल्या, पुढची तारीख विचारली आणि मुलीची वाट पाहत बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.