तिसरीतली मुलगी, क-१ आणि बोटांचे ठसे

प्रश्न : सर, आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. मुलगी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत तिसरीला आहे. सहामाहीला मराठीत ब-१, परिसर अभ्यासात अ-१ आणि गणितात क-१ श्रेणी मिळाली. तिचे बाबा म्हणतात, गणित असं असेल तर पुढे सायन्स विसरा, आत्ताच दिशा ठरवू. एका क्लासवाल्यांनी बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणारी टेस्ट सुचवली आहे, पाच हजार रुपये. चौथीला इंग्लिश मीडियमला घालावं का, अबॅकस लावावा का, स्कॉलरशिपची तयारी करून घ्यावी का, काहीच सुचत नाही. दुकानातून सुट्टे पैसे मात्र ती बरोबर मोजून आणते. सोबत गणिताच्या पेपरचा फोटो पाठवते आहे. – एक आई

ताई,

फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. तुमचे सगळे प्रश्न बाजूला ठेवून मी आधी तो पेपर मोठा करून पाहत बसलो.

उभ्या मांडणीच्या बेरजा-वजाबाक्या बारा आहेत, त्यांतल्या अकरा बरोबर. एकच चुकली, ५०२ वजा १७८. तिने ३३४ लिहिलंय. मधल्या शून्यापाशी उसना घेतला आणि पुढे एककाला एक देऊन दहाचे नऊ करायचे राहिले. इथे पाचवीतली मुलंही ठेचकाळतात, त्याचं काही नाही. गुणाकार तिन्ही बरोबर. मग शाब्दिक उदाहरणं पाच, त्यांतली चार चूक. गुण गेले ते इथे.

त्यातलं हे उदाहरण बघा : 'मीनाकडे ४५ बोरे आहेत. तिच्याकडे राजूपेक्षा १८ बोरे जास्त आहेत. तर राजूकडे किती बोरे आहेत?' तुमच्या लेकीने ४५ अधिक १८ केले आणि ६३ लिहिले. बेरीज चोख, हातचाही जागेवर. फक्त बेरीज करायची नव्हती. 'जास्त' दिसलं की मिळवायचं, 'उरले' दिसलं की वजा करायचं, ही युक्ती मुलांना सर्रास शिकवली जाते; वर्गात, शिकवणीत, मोबाइलवरच्या व्हिडिओत, सगळीकडे. दुसरीपर्यंत ती खपून जाते. तिसरीच्या उदाहरणात मात्र कोणाकडे जास्त आणि कोणापेक्षा जास्त हे धरावं लागतं. 'तिच्याकडे' म्हणजे मीनाकडे, आणि 'राजूपेक्षा' मधला 'पेक्षा' कोणाला लागला आहे, हे कळलं की उदाहरण सुटलंच. हे सगळं मराठीचं काम आहे. गणिताच्या पेपरात ते आलं म्हणून क-१ गणिताच्या रकान्यात पडली, इतकंच.

माझा अंदाज बरोबर आहे का, हे तुम्हीच घरी तपासू शकता. चुकलेली चारही उदाहरणं घ्या. पहिल्यांदा तिला एकटीला वाचून सोडवू द्या. दुसऱ्यांदा तुम्ही मोठ्याने वाचा, गोष्ट सांगतो तसं, थांबत थांबत. तिसऱ्यांदा चिंचोके द्या आणि म्हणा, तू मीना, मी राजू, मांड बरं. तुम्ही वाचल्यावर सुटलं तर अडचण वाचनाची. चिंचोके मांडल्यावरच सुटलं तर वाक्याचा अर्थ लावण्याची. चिंचोके मांडूनही नाही सुटलं तर मग संख्येचीच समज कच्ची आहे, आणि त्यासाठी तिच्या बाईंशी बोलावं लागेल. दुकानातले सुट्टे पैसे जी बरोबर मोजते तिच्या बाबतीत ही तिसरी शक्यता मला कमी वाटते. मात्र मी फोटो पाहिलाय, मुलगी नाही.

पेपरात आणखी एक गंमत आहे. 'एकोणसत्तर अंकात लिहा' इथे तिने ७९ लिहिलंय. सत्तर ऐकलं म्हणून सात, 'एकोण' ऐकलं म्हणून नऊ! यात तर्क आहे की नाही? आपल्या भाषेत एकोणसत्तर म्हणजे सत्तराला एक उणा, हे तिला कोणी फोडून सांगितलेलंच नसेल. त्रेपन्न म्हणताना तीन आधी आणि पन्नास मागून येतात, लिहिताना पाच आधी. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास तीन' अशा वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. मंगला नारळीकर त्या समितीच्या प्रमुख होत्या आणि बिचाऱ्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. मला विचाराल तर घरात दोन्ही चालू द्या. संख्यांची जुनी नावं कानाला गोड आहेत, ती जायला नकोत. पण अडली की 'साठ नऊ' म्हणून पुढे जाऊ द्यावं. एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंतची सात नावं एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवा. आठवड्याभराचं काम आहे.

आता परिसर अभ्यासातल्या अ-१ कडे वळतो, कारण तुमच्या घरात त्या श्रेणीकडे कोणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही. तिसरी-चौथीला आकारिक मूल्यमापनाला ६० आणि संकलित मूल्यमापनाला ४० गुणांचं वजन असतं. आकारिक म्हणजे वर्षभरातलं तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प; संकलित म्हणजे सत्राअखेरची परीक्षा. परिसर अभ्यासात मूल बोलून, दाखवून, गोळा करून गुण मिळवतं. तुमची मुलगी बघते, लक्षात ठेवते, सांगते. वाचायचं आणि लिहायचं ओझं जिथे कमी तिथे ती अ-१ आहे. तुमच्या प्रगतिपत्रकातले तीन रकाने एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगतायत, असं मला दिसतं.

तिसरीला आपल्याकडे परिसर अभ्यासाचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं निघालं, ही मला पाठ्यपुस्तकांच्या इतिहासातली फार शहाणी गोष्ट वाटते. मूल पहिल्यांदा नकाशा बघतं तो स्वतःच्या जिल्ह्याचा. साताऱ्याचे अकरा तालुके, उत्तरेला पुणे, दक्षिणेला सांगली. या नकाशावरच तिचं वाचनही करून घेता येईल आणि गणितही. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरला उगम पावतात. कृष्णा वाईवरून येते, कोयना पाटणवरून, आणि दोघी तुमच्या कराडात प्रीतिसंगमावर भेटतात. ही चार ओळींची गोष्ट तिलाच लिहायला सांगा. मग तिला त्यावर प्रश्न काढू द्या : वाई कोणत्या नदीवर? कोणती नदी कोणाला मिळाली? रविवारी संगमावर गेलात तर नकाशा घेऊन जा आणि उत्तर दिशा कुठली ते तिला ठरवू द्या. 'कोणाकडून कोणाकडे' हे एकदा पाण्याच्या बाबतीत कळलं की 'कोणापेक्षा कोणाकडे' हेही सोपं जातं. हा माझा अनुभव आहे, शास्त्र म्हणून सांगत नाही.

तिसरीलाच हे का उघडं पडतं? पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकत असतं आणि तिसरीपासून वाचून शिकावं अशी अपेक्षा सुरू होते. परिसर अभ्यास वेगळा विषय होतो, गणितात वाक्यं येतात, मराठीत धडे लांबतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही रेघ इथेच ओढली आहे : दुसरीपर्यंत पायाभूत स्तर, तिसरी ते पाचवी पूर्वतयारी स्तर. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरी संपेपर्यंतची अपेक्षा आहे मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं, ९९९९ पर्यंतच्या संख्या आणि सोपी गुणाकाराची उदाहरणं. आता कृपा करून उद्यापासून घड्याळ घेऊन तिच्यासमोर बसू नका! त्या वाक्यातला महत्त्वाचा शब्द साठ नव्हे, 'समजून' आहे. आणि तुमची मुलगी काही एकटी नाही. 'असर' या शैक्षणिक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांतली तिसरीची जेमतेम २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली. तुमची ब-१ वाली मुलगी यापेक्षा पुढेच असणार. तिला धक्का हवाय तो थोडासाच.

रोज पंधरा-वीस मिनिटं मोठ्याने वाचन, एवढंच करा. एक दिवस तिने, एक दिवस तुम्ही. पाठ्यपुस्तकच हवं असं नाही. किराणा मालाची यादी, एसटीचं वेळापत्रक, लग्नपत्रिका, बियाण्याच्या पाकिटावरच्या सूचना, काहीही चालेल. वाचून झालं की 'काय कळलं?' असं विचारू नका, मुलं त्याला कंटाळतात. 'यात कोण कोणाला काय म्हणालं?' असं विचारा. आणि डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नाही हे मुलं आपणहून सांगत नाहीत, त्यांना वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. दोन-तीन महिने नेमाने वाचूनही अक्षरं उलटसुलट होत असतील, ओळी गळत असतील, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायला लाजू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि परीक्षेत सवलतीही मिळतात. फोटोतल्या अक्षरावरून मला तशी शंका आलेली नाही, हेही सांगून ठेवतो.

बोटांचे ठसे. हे पाच हजार वाचवा. बोटांवरच्या रेषा गर्भातच, सहाव्या महिन्याच्या आसपास पक्क्या होतात. माणूस पटवायला त्या उत्तम. १८९७ साली कोलकात्यात ठशांची जगातली पहिली कचेरी निघाली ती गुन्हेगार ओळखायला, इंजिनिअर ओळखायला नव्हे. ठशांवरून बुद्धीचा कल कळतो याला शास्त्रीय आधार नाही. देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही हे जाहीरपणे सांगितलं आहे. माझ्याकडे दहावीनंतर येणारी कित्येक मुलं असे रंगीत, चाळीस-चाळीस पानी अहवाल घेऊन येतात. दोन वेगळ्या मुलांच्या अहवालात 'नेतृत्वगुण' या मथळ्याखाली शब्द न् शब्द तोच परिच्छेद मी स्वतः वाचलाय.

इंग्लिश मीडियमचं म्हणाल, तर गणितातल्या क-१ वर तो उपाय होऊच शकत नाही. जी 'पेक्षा'ला अडते तिला तेच वाक्य परक्या भाषेत दिलं तर काय होईल? राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्यतो किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय. पाचवीला सेमी इंग्लिशचा, म्हणजे गणित-विज्ञान तेवढं इंग्रजीतून, असा विचार करा, तोवर घरात इंग्रजी कानावर पडू द्या. अबॅकसने आकडेमोडीचा वेग वाढतो. तुमच्या मुलीची आकडेमोड आधीच बरी आहे. हौस असेल तर लावा, औषध म्हणून नको.

स्कॉलरशिपबद्दल थोडं जास्त. मधली काही वर्षं ही परीक्षा पाचवी-आठवीला होती, आता ती पुन्हा चौथी-सातवीकडे वळली आहे, त्यामुळे क्लासवाल्यांचे फ्लेक्स तिसरीच्या पालकांच्या डोळ्यांसमोर येणारच. पाचवीच्या परीक्षेत एका पेपरला ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं असायची. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, त्यात वाचनही आलं. जो सावकाश वाचतो त्याचं गणित कितीही पक्कं असलं तरी तो शेवटच्या वीस प्रश्नांपर्यंत पोचत नाही. तेव्हा तिसरीचं वर्ष वाचनाला द्या. चौथीत तिला आवडलं तर सरावाचे पेपर सोडवू दे. बसली नाही तरी काही बिघडत नाही. नवोदयची परीक्षा पाचवीत असताना देता येते, तो रस्ताही पुढे आहेच.

आता तिच्या बाबांसाठी. साहेब, अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत माझ्यासमोर बसलेली मुलं 'मला गणित जमत नाही' असं म्हणतात तेव्हा मी विचारतो, कधीपासून? 'तिसरी-चौथीपासून' हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय! आणि पुढे विचारलं की बहुतेक वेळा कोणीतरी घरातच ते पहिल्यांदा म्हटलेलं असतं. एका मुलाला नववीपर्यंत 'हिचं डोकं गणिताचं, याचं नाही' असं बहिणीशी तोलून ऐकवलेलं होतं. त्याची वही बघितली तर सूत्रं पाठ आणि प्रश्न अर्धवट वाचलेले. आठ वर्षांच्या मुलीची शाखा ठरवायला मला येत नाही आणि कोणालाच येत नाही. पण बघून लक्षात ठेवणारी, सुट्टे पैसे चोख मोजणारी मुलगी सायन्सला जाणार नाही असं म्हणायला या पेपरात तरी काहीही पुरावा नाही. तिच्यासमोर 'गणित कच्चं' हा शब्द बंद करा, एवढी विनंती.

बाईंना भेटायला जाल तेव्हा पेपर बरोबर घ्या आणि एकच विचारा : शाब्दिक उदाहरणं वर्गात मोठ्याने वाचून घेता का, आणि तेव्हा हिला जमतात का? त्यांचं उत्तर आणि चिंचोक्यांच्या प्रयोगात काय झालं ते मला कळवा. चारही उदाहरणांत ती नेमकी कुठे थांबली तेही लिहा, नुसतं बरोबर-चूक नको.