आईवडिलांची सही झाली, पोरगी नाही म्हणतेय

प्रश्न: आमची प्रश्नावली तयार आहे, आता वस्तीतल्या मुलांना रिसर्चमध्ये सहभागी कसं करून घ्यायचं?

प्रश्नावली तयार म्हणजे मेन काम तुम्हीच उरकलंत की, मुलांनी आता फक्त टिक करायची! रॉजर हार्ट या अभ्यासकांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यात खालच्या तीन पायऱ्या ते सहभागात धरतच नाहीत, आणि मुलांना नावापुरतं घेणं त्यातच येतं. प्रश्नावली फेकून द्या असं नाही म्हणत मी, पण चार-पाच मुलांना घेऊन एकेक प्रश्न वाचा आणि नको तो खोडायचा हक्क त्यांना द्या. 'घरी तुमचं ऐकतात का?' असं विचारलंत की एखादा लगेच म्हणेल, कोण, आई की बाबा की आजोबा? झाले एकाचे तीन प्रश्न, आणि हे तुम्हाला ऑफिसात बसून सुचलं नसतं. फोटोव्हॉइसही चांगलं, मुलं स्वतः फोटो काढतात आणि मग त्यावर बोलतात, फक्त फोटोत दुसऱ्याचा चेहरा येणार असेल तर त्याला आधी विचारायचं.

प्रश्न: आईवडिलांनी संमतीपत्रावर सही केलीय, १५ वर्षांची मुलगी नाही म्हणते. समजावू का?

नका. पालकांची संमती वेगळी, तिचा होकार वेगळा, दोन्ही लागतात. आणि जी हो म्हणतील त्यांनाही 'सगळं गुप्त राहील' असं छातीठोक सांगू नका, कुणाच्या जीवाला धोका दिसला तर आपल्याला बोलावंच लागतं, ते आधीच सांगून टाका.

प्रश्न: एसडीक्यूमध्ये (मुलांच्या भावना आणि वागणुकीची प्रश्नावली) एका मुलाचा स्कोअर खूप आला, आईला काय सांगू?

आधी बेरीज तपासा! २५ विधानं, पाच-पाचचे पाच गट, त्यातला चांगल्या वागण्याचा गट टोटलमध्ये धरायचा नसतो, स्टुडंट्स हमखास धरतात. बरोबर असेल तरी ते निदान नाही, नुसती चाळणी आहे. 'तुमच्या मुलात प्रॉब्लेम आहे' हे वाक्य नको, 'एकदा समुपदेशकाशी बोलून घेऊया' म्हणा, आणि तो समुपदेशक सर्व्हेच्या आधीच ठरवून ठेवा, नंतर शोधाशोध नको.

प्रश्न: सेमिस्टर संपलं की आमचे विद्यार्थी गायब, लोक चिडतात.

चिडणारच ना. निष्कर्ष परत नेऊन सांगण्याला मार्क ठेवा, मग बघा कसे जातात. रिपोर्टच्या झेरॉक्स वाटू नका, कुणी वाचत नाही, समोर बसून दोन-तीन मुद्दे सांगा, आणि कुणी म्हणालं 'हे आम्हाला पटत नाही' तर तेही रिपोर्टात घाला.