हॉलमधल्या शोकेसवर शोभेच्या वस्तू मांडल्यात, पण एक बाजू जड वाटते. काय करू?

दोन्ही टोकांना सारख्याच वस्तू ठेवायची गरज नाही. नजरेला जड वाटतं ते गडद, मोठं आणि भरीव. एका टोकाला पितळी समई असेल, तर दुसऱ्या टोकाला दोन-तीन हलक्या वस्तू जवळजवळ ठेवा. सावंतवाडीची लाकडी फळं, धारावीच्या कुंभारवाड्यातलं मातीचं भांडं, असं काहीही चालेल. उंची मात्र वेगवेगळी हवी. उंच वस्तू मागे, बुटकी पुढे, आणि एकीची कड दुसरीच्या थोडी आड येऊ द्या. सुट्या सुट्या रांगेत ठेवलं की दुकानाची फळी वाटते. तीनचा गट बहुधा छान जमतो, कारण नजर जोडी लावून थांबत नाही.

भिंतीवर फोटो किंवा चित्रही लावायचं असेल, तर मोकळ्या भिंतीवर फ्रेमचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर ठेवतात. खाली शोकेस असेल तर तो हिशेब सोडा, फ्रेमची खालची कड तिच्या माथ्यापासून ६ ते ८ इंच वर येऊ द्या.

मुंबईच्या छोट्या खोल्यांत निम्म्या वस्तू खुशाल कपाटात ठेवाव्यात आणि सणावारी बदलाव्यात, असं माझं ठाम मत आहे. आणि पितळ खिडकीपासून लांबच बरं, इथल्या खाऱ्या, दमट हवेत ते लवकर काळवंडतं.