कॉलेजच्या स्मरणिकेत दिवंगत माजी विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांवर लिहायचंय, सगळे लेख एकसारखेच येतायत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजला पन्नास वर्षं पूर्ण होतायत, स्मरणिकेत दिवंगत माजी विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचारी यांच्यासाठी पानं राखून ठेवलीत, पण आलेल्या मजकुरातली नावं अदलाबदल केली तरी कुणाला कळणार नाही. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होतो. निवृत्तीनंतर आमच्या स्मरणिकेचा हाच विभाग माझ्या गळ्यात पडला होता, त्यामुळे चार गोष्टी सांगू शकतो.

आधी 'मनमिळाऊ', 'हसतमुख' आणि 'विद्यार्थिप्रिय' हे शब्द समितीच्या बैठकीत बाद करून टाका. ज्या मजकुरात ते येतील तो परत पाठवायचा आणि विचारायचं, हा माणूस कॉलेजात नेमकं काय करायचा? एकच गोष्ट सांगितली तरी चालेल, पण सांगणाऱ्यानं ती डोळ्यांनी पाहिलेली पाहिजे.

मोठ्या नावांमागं फार पळू नका. त्यांच्या पाट्या आहेत, कोशात नोंदी आहेत. आता पाटी आहे म्हणून माणूस आठवतो असं नाही, हेही खरं. शिवाजी विद्यापीठातली पोरं रोज 'खर्डेकर लायब्ररीत बसलोय' म्हणून फोनवर सांगतात. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर राजाराम कॉलेजात शिकवायचे आणि १९५२ च्या पहिल्या लोकसभेत कोल्हापूरचे खासदार होते, हे विचारलंत तर बहुतेक जण गप्प बसतील. राजाराम कॉलेज १८८० चं. तिथं माधव जूलियन फारसी शिकवत होते, आ. ने. उपाध्ये अर्धमागधी ही जुनी प्राकृत भाषा शिकवत होते, प्राचार्य डॉ. बाळकृष्ण तर मूळचे मुलतानचे. उपाध्यांनी 'प्रवचनसार' हा जैन ग्रंथ १९३५ साली संपादित करून काढला, हे कुठल्याही संदर्भग्रंथात सापडेल. पण अर्धमागधीच्या तासाला वर्गात किती पोरं असायची, सर त्यांच्याशी मराठीत बोलायचे की इंग्रजीत, हे वर्गात बसलेल्यांपैकी कुणी लिहून ठेवलं असेल तरच. तुमच्या स्मरणिकेला हे दुसरं पाहिजे. आणि ते सांगणारी माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत, म्हणून फोन आधी त्यांना करा. छपाईची कोटेशनं नंतर मागवता येतील.

खरी मेहनत शिपाई, हमाल, ग्रंथालय परिचर, प्रयोगशाळा परिचर यांच्यावर घ्यावी लागते. प्राध्यापक गेले की शोकसभा होते, निदान ठराव तरी होतो. शिपाई निवृत्त होऊन गावी गेला की तो कधी वारला हे पेन्शनचं काम बघणाऱ्या टेबलालाच कळतं.

आमच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये एक परिचर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांच्यावर पहिला मजकूर आला तो असा: 'कामात प्रामाणिक, मितभाषी, सर्वांचे लाडके.' मी बॅचच्या पोरांना फोन लावले. पोरं म्हणजे साठीची झालेली. तिसऱ्याच फोनला एक जण हसायला लागला. म्हणाला, "प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ओळखायला सॉल्ट मिळायचं, दोन तास घासून काही कळायचं नाही, आणि मामा टेबलाजवळनं टेस्ट ट्यूब उचलत जाताना हळूच विचारायचे, 'काय रे, रिंग आली का?'" ज्यांनी विज्ञान केलंय त्यांना लगेच कळेल. तपकिरी रिंग येते ती नायट्रेटची. म्हणजे उत्तर सांगून मामा मोकळे! बाहेरून आलेले परीक्षक शेजारीच उभे असायचे, त्यांना वाटायचं चौकशी चाललीय.

हे छापावं का, यावर समितीत चांगलीच जुंपली. एका सरांचं म्हणणं, परीक्षेच्या पावित्र्याचा प्रश्न आहे. मी म्हटलं, मामा गेले, परीक्षकही गेले असतील, आणि ती पोरं आता नातवंडं खेळवतायत, कारवाई कुणावर करणार? शेवटी मामांच्या मुलीला विचारलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घरात आम्ही चाचणीत नापास झालो की मार बसायचा, आणि तिकडं हे!" छापलं. अख्ख्या स्मरणिकेत लोकांनी एकमेकांना वाचून दाखवलेला मजकूर तो एकच.

अशा कर्मचाऱ्यांसाठी ऑफिसातलं सेवापुस्तक जरूर काढा, प्राचार्यांची परवानगी घेऊन. पहिल्याच पानावर उंची, ओळखीची खूण, बोटांचे ठसे असतात. मामांच्या पानावर ओळखीची खूण लिहिली होती, 'डाव्या तळहातावर भाजल्याचा व्रण'. नेमणुकीच्या दिवशीच असलेला, म्हणजे लॅबमधला नव्हे. मुलगी म्हणाली, लहानपणी गुऱ्हाळावर कामाला जायचे, काहिलीजवळ भाजलं होतं. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सेवापुस्तकातले पगार, रजा, ठपका वगैरे मात्र बाहेर काढायचं नाही, तो त्या माणसाचा खासगी मामला.

दुसरी अवघड बाजू मुलींची. कॉलेजच्या जनरल रजिस्टरला माहेरचं नाव, आणि पेपरात निधनवार्ता येते ती सासरच्या नावानं. आपल्याकडच्या निधनवार्ता तुम्ही वाचताच: अमुक यांच्या त्या मातोश्री होत, त्यांच्या मागे मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे, रक्षाविसर्जन रविवारी सकाळी नऊ वाजता. बाई बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आली होती किंवा कॉलेजकडून कबड्डी खेळायची, याचा त्यात पत्ता नसतो. रजिस्टर आणि पेपर यांचा मेळ घालायला लेडीज हॉस्टेलच्या रूममेट सगळ्यात उपयोगी पडतात. मुलं बॅचच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकून मोकळी होतात. या बायकांना मात्र कोण कुठल्या गावी दिली आणि तिच्या भावाचं दुकान कुठल्या पेठेत आहे, हे तोंडपाठ असतं. लेख सासरच्या नावानं द्या, पण माहेरचं नाव आणि बॅच शीर्षकातच घ्या, नाहीतर मैत्रिणींना ती सापडणार नाही.

नावांचा घोळ पुरुषांतही आहेच. पाटलांची तर आमच्या रजिस्टरला पानंच्या पानं. रजिस्टरला एक नाव, गावात बाळासो नाहीतर आप्पासो, आणि दोन गावांत त्याच नावाचे दोघं. म्हणून नाव, गाव आणि बॅच तिन्ही जुळल्याशिवाय कुणालाही दिवंगतांच्या यादीत घालू नका. ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडली हा काही पुरावा नव्हे. घरच्यांशी बोलणं झालंच पाहिजे. मृत्यूचं कारण त्यांनी सांगितलं तरच लिहायचं, आणि 'नको' म्हणाले तर एका शब्दानंही सुचवायचं नाही. २०२० आणि २०२१ मध्ये गेलेल्यांच्या बाबतीत जरा जास्त वेळ काढून जा. तेव्हा कित्येक घरी कुणी भेटायलाही आलं नव्हतं, त्यामुळं ही माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत.

फोटोंची अडचण तुम्हालाही येणार. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या किती घरांतले अल्बम गेले त्याला गणती नाही. अशा वेळी कामाला येतो तो वर्गाचा ग्रुप फोटो, 'बसलेले, डावीकडून' अशी खाली नावं छापलेला. तो कॉलेजच्या कुठल्या तरी कपाटावर धूळ खात असतो. स्कॅन करून एकेक चेहरा वेगळा काढता येतो. आम्ही तो कापून मोठा केलेला फोटो घरच्यांनाही दिला. एका घरात आईच्या तरुणपणीचा दुसरा फोटोच नव्हता.

लेख कुणी लिहायचा? शक्यतो बॅचच्याच माणसानं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात अशा स्मरणनोंदी बॅचप्रमाणे येतात आणि त्या लिहायला बॅचमधलाच कुणीतरी नेमलेला असतो. आपल्याकडेही प्रत्येक बॅचचा एक माणूस धरा. त्याला लिहिता येत नसेल तर बोलू दे, तुम्ही रेकॉर्ड करून उतरवून घ्या. पदं, पुरस्कार, संचालकपदं यांना एक ओळ पुरे. दीडशे ते दोनशे शब्दांची मर्यादा सगळ्यांना सारखी ठेवा, कुलगुरू असो की हमाल. यावर माजी पदाधिकाऱ्यांचे नातेवाईक नाराज होतात. होऊ देत.

आणि ज्यांच्याबद्दल काहीच मिळालं नाही त्यांचं नाव, गाव आणि बॅच तरी छापाच, खाली मोकळी जागा सोडून, आणि विभागाच्या शेवटी कॉलेजच्या ऑफिसचा नंबर द्या. आमच्याकडे प्रकाशनानंतर त्याच नंबरवर सगळ्यात जास्त फोन आले, आणि त्यातून पुढच्या वर्षी वेगळी पुरवणी काढावी लागली. त्यामुळे बजेटमध्ये पुरवणीचे पैसे आत्ताच धरून ठेवा.